नोकरी सोडली, पण जुन्या ग्राहकांना दोन वर्षं फोन करायचा नाही? ही अट कोर्टात किती टिकते?

वाशीम, रिसोड, शेलूबाजार, अनसिंग. मे महिना लागला की या भागातल्या कृषी सेवा केंद्रांसमोर बियाणं, खतं आणि औषधांच्या कंपन्यांच्या पोरांच्या गाड्या दिसायला लागतात. जिल्हा सोयाबीनचा. त्यामुळे वर्षाचं टार्गेट याच दीड-दोन महिन्यांत ठरतं. कोणत्या दुकानात कुणाचा माल पुढच्या रॅकवर लागणार, हे कंपनीच्या जाहिरातीपेक्षा त्या पोराच्या आणि दुकानदाराच्या संबंधांवर जास्त अवलंबून असतं.

आता समजा, यातलाच एक पोरगा आहे. चार वर्षं एका कीटकनाशक कंपनीत सेल्स ऑफिसर होता. एरिया वाशीम आणि मंगरुळपीर. मार्चमध्ये त्यानं राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला आणि मे महिन्यात दुसऱ्या कंपनीत लागला. एरिया तोच, दुकानदार तेच, बाईकही तीच. जूनमध्ये, पेरणीच्या ऐन गडबडीत, घरी स्पीड पोस्टानं मुंबईच्या एका वकिलाची नोटीस येते. नोटिशीत लिहिलेलं असतं की तुम्ही अपॉइंटमेंट लेटरमधली नॉन-सॉलिसिटेशनची अट मोडली आहे, आमच्या डीलरशी संपर्क ताबडतोब थांबवा आणि पाच लाख रुपये नुकसानभरपाई द्या.

घरचे घाबरतात. वडील विचारतात, "असं काय केलंस रे?" पोराला आठवतही नसतं की आपण अशा कागदावर कधी सही केली होती.

हा पोरगा काल्पनिक आहे, पण अट काल्पनिक नाही. तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढा आणि शेवटची तीन-चार पानं बघा. बारीक अक्षरात साधारण असा मजकूर सापडण्याची शक्यता बरीच आहे: नोकरी सोडल्यानंतर २४ महिने कर्मचारी कंपनीच्या कोणत्याही ग्राहकाला, वितरकाला किंवा कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे आपल्याकडे वळवण्याचा प्रयत्न करणार नाही. हिलाच म्हणतात नॉन-सॉलिसिटेशन क्लॉज. पुण्यात हिंजवडीच्या आयटी कंपनीत असाल, कारंज्यात मायक्रोफायनान्सचे हप्ते गोळा करत असाल किंवा कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवत असाल, ही अट तुमच्याही कागदात असू शकते.

प्रश्न साधा आहे. सही केली म्हणजे झालं का? कोर्ट हे ऐकतं का?

आधी तीन अटी वेगळ्या करू

नोटिशीत या तिन्ही अटींची खिचडी केलेली असते, म्हणून आधी हे बघू. पहिली अट नॉन-कम्पिट, म्हणजे स्पर्धक कंपनीत जायचंच नाही. दुसरी नॉन-सॉलिसिटेशन. यात तुम्ही कुठंही जा, पण आमची गिऱ्हाइकं आणि आमची माणसं ओढायची नाहीत. तिसरी गोपनीयतेची. म्हणजे आमची आतली माहिती बाहेर न्यायची नाही.

कोर्ट या तिघींकडे एकाच नजरेनं बघत नाही. नोकरी संपल्यानंतर पहिली अट भारतात जवळजवळ टिकतच नाही. तिसरी बऱ्यापैकी टिकते. आणि दुसरी, आपला आजचा विषय, या दोघींच्या मध्ये लटकलेली आहे.

१८७२ सालचं एक वाक्य

सगळा खेळ भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ वर उभा आहे. हे कलम म्हणतं की कुणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल समजला जाईल. 'तेवढ्यापुरता' हा शब्द महत्त्वाचा. अख्खं अपॉइंटमेंट लेटर रद्द होत नाही, फक्त रोखणारा भाग गळून पडतो. नोटीस पिरियड, पगार, गोपनीयता हे बाकी सगळं तसंच राहतं.

कलमाला अपवाद एकच आहे, तो म्हणजे गुडविलची विक्री. कारंज्यातल्या एखाद्या नावाजलेल्या मिठाईवाल्यानं आपलं दुकान नावासकट विकलं आणि लिहून दिलं की याच भागात मी पुन्हा मिठाईचं दुकान टाकणार नाही, तर ती अट वाजवी असेल तोवर चालते. कारण त्यानं त्या नावाचे पैसे घेतलेत. नोकरदारानं असं काही विकलेलं नसतं.

इंग्लंडमधल्या न्यायाधीशांनी असल्या अटींबाबत 'बंधन वाजवी आहे का' हे तपासायची पद्धत पाडली. दोन वर्षं जास्त का, सहा महिने ठीक का, पूर्ण देशात बंदी का फक्त एका शहरात, असं तोलून बघायचं. आपल्या कलम २७ मध्ये 'वाजवी' हा शब्दच नाही. इंग्रजांनी भारतासाठी कायदा लिहिताना हे कलम स्वतःच्या देशातून आणलं नाही, तर न्यूयॉर्कसाठी तयार झालेल्या एका मसुद्यावरून घेतलं. गंमत म्हणजे न्यूयॉर्कनं तो मसुदा स्वीकारलाच नाही. पण कॅलिफोर्नियानं १८७२ मध्येच त्याच मसुद्यातून जवळपास असंच कलम घेतलं, आणि ते आजही तिथं लागू आहे. सिलिकॉन व्हॅलीत इंजिनिअर सकाळी एक कंपनी सोडून दुपारी समोरच्या कंपनीत बसू शकतो, त्यात या कलमाचा मोठा वाटा मानतात. म्हणजे वाशीमचा सेल्स ऑफिसर आणि सिलिकॉन व्हॅलीचा इंजिनिअर कायद्यानं चुलतभाऊ निघाले.

हे कलम फार कडक आहे, वाजवी बंधनांना थोडी जागा द्या, अशी शिफारस विधी आयोगानं १९५८ मध्ये आपल्या १३ व्या अहवालात केली होती. सरकारनं ती घेतली नाही. कलम आहे तसंच आहे.

कल्याणचा शिफ्ट सुपरवायझर आणि श्रीरामपूरचा बॉलर

या विषयावरचे दोन मोठे निकाल महाराष्ट्राशी जोडलेले आहेत.

पहिला १९६७ चा. कल्याणजवळ सेंच्युरी कंपनीचा टायर कॉर्डचं सूत बनवणारा कारखाना होता. त्याचं तंत्रज्ञान हॉलंड आणि जर्मनीच्या कंपन्यांकडून आलं होतं आणि ते गुप्त ठेवायचं, अशी त्या कंपन्यांची अट होती. कारखान्यात निरंजन शंकर गोलिकेरी नावाचे शिफ्ट सुपरवायझर होते. करार पाच वर्षांचा, मार्च १९६३ पासून. त्यांना ट्रेनिंग दिलं गेलं आणि १९६४ च्या शेवटी ते राजस्थानात कोट्याला, तेच सूत बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीत गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि गोलिकेरी हरले. पाच वर्षांची मुदत संपेपर्यंत, म्हणजे मार्च १९६८ पर्यंत, तसलं काम दुसरीकडे करायचं नाही, ही मनाई कायम राहिली.

कंपन्यांचे वकील नोटिशीत हा निकाल हमखास टाकतात. पण इथं नीट बघायला हवं. गोलिकेरींचा करार चालू होता. पाच वर्षांपैकी उरलेल्या काळापुरतंच त्यांना थांबवलं गेलं. त्यातही फक्त त्या प्रकारच्या कामापासून, सगळ्या नोकऱ्यांपासून नाही. कायदेशीर राजीनामा देऊन, नोटीस पिरियड भरून बाहेर पडलेल्या माणसाला हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. नोटिशीत हे कुणी लिहीत नाही, ते लिहिणं त्यांचं कामही नाही म्हणा.

दुसरा निकाल मार्च २००६ चा, आणि त्यातला माणूस तुम्हाला माहीत आहे. श्रीरामपूरचा झहीर खान. पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. जाहिराती आणि ब्रँडचं काम ती कंपनी बघायची. करार २००३ मध्ये संपला. पण त्यात एक अट होती. करार संपल्यावरही झहीरला दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर ती आधी पर्सेप्टला दाखवायची, आणि पर्सेप्ट तेवढेच पैसे द्यायला तयार असेल तर तिच्याकडेच राहायचं. झहीर दुसऱ्या कंपनीकडे गेला. मुंबई उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी पर्सेप्टच्या बाजूनं मनाई हुकूम दिला, खंडपीठानं तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानं खंडपीठाचं म्हणणं उचलून धरलं. करार चालू असतानाचं बंधन वेगळं, करार संपल्यानंतरचं बंधन वेगळं. दुसरं कलम २७ मध्ये अडकतं, मग ते वाजवी असो वा नसो.

या दोघांच्या मध्ये १९८० चा सुपरिन्टेन्डन्स कंपनीचा निकाल आहे. मालाची तपासणी करणाऱ्या या कंपनीनं आपल्या दिल्लीच्या मॅनेजरला काढून टाकलं. त्यानं तोच धंदा स्वतः सुरू केला. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं असा धंदा करायचा नाही, अशी अट होती. कंपनी हरली. पण बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती तुळजापूरकर कलम २७ च्या वादात शिरलेच नाहीत. त्यांनी अटीतला 'सोडल्यावर' हा शब्द पकडला. माणसानं नोकरी सोडलेली नाही, तुम्ही त्याला काढलंय, मग अट लागू होणार कशी? कलम २७ वर सविस्तर लिहिलं ते तिसरे न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी, आणि ते म्हणाले की नोकरीनंतरचं असं बंधन रद्दच आहे. मला या निकालातलं तुळजापूरकरांचं वाचन जास्त आवडतं. कागदावर तुम्ही लिहिलेला प्रत्येक शब्द तुमच्याच विरोधात वाचला जाऊ शकतो, हे कंपन्यांना त्यांनी दाखवून दिलं.

मुंबई उच्च न्यायालयाचा २००८ चा व्हीएफएस ग्लोबलचा निकालही इथं सांगायला हवा. तिथं कंपनीनं 'गार्डन लीव्ह' ठेवली होती. म्हणजे नोकरी सोडल्यावर तीन महिन्यांचे पैसे घ्या, पण स्पर्धकाकडे जाऊ नका. पैसे देतोय ना, मग काय हरकत, असा कंपनीचा मुद्दा. कोर्टानं प्रथमदर्शनी हेही कलम २७ च्या विरोधात मानलं.

इथवर वाचून वाटेल की कर्मचारी जिंकला, विषय संपला. नाही.

नॉन-सॉलिसिटेशन वेगळी का पडते

कारण ती तुम्हाला काम करण्यापासून रोखत नाही, असा कंपनीचा युक्तिवाद असतो. "खुशाल दुसऱ्या कंपनीत जा, वाशीमचाच एरिया घे, फक्त आमचे डीलर फोडू नको." आणि हा युक्तिवाद काही कोर्टांनी ऐकलाय.

दिल्ली उच्च न्यायालयात २००९ मध्ये डेसिकंट रोटर्स या कंपनीचं प्रकरण आलं. तिचा मार्केटिंग मॅनेजर स्पर्धकाकडे गेला होता. दोन वर्षं तसं करायचं नाही असं त्यानं लिहून दिलेलं होतं. कोर्टानं त्याला नव्या नोकरीपासून रोखायला नकार दिला. पण जुन्या कंपनीच्या पुरवठादारांकडे आणि ग्राहकांकडे, तिच्याशी थेट स्पर्धेत, धंदा मागायला जायचं नाही, ही मनाई ठेवली. म्हणजे नोकरी कर, पण त्या दारात जाऊ नको.

कोलकाता उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये एम्बी सॉफ्टवेअरच्या प्रकरणात रेषा जरा बारीक आखली. नुसतं ग्राहक मिळवणं चुकीचं नाही. पण ग्राहकाचा जुन्या कंपनीशी चालू असलेला करार मोडायला लावणं, त्यासाठी त्याला फूस लावणं, हे रोखता येतं. मला ही रेषा जास्त पटते. कारण दोन वर्षं ग्राहकाशी बोलायचंच नाही म्हटलं, तर ज्याचं कामच ग्राहकाशी बोलणं आहे त्याला 'नोकरी कर' म्हणण्यात काय अर्थ? वाशीमसारख्या जिल्ह्यात तर मोठे डीलर बोटावर मोजण्याइतके. ते वगळले तर त्यानं माल विकायचा कुणाला? ज्याचा जिल्हा छोटा आणि धंदा ठरावीक, त्याच्यासाठी नॉन-सॉलिसिटेशन ही मागच्या दारानं आलेली नॉन-कम्पिटच होते. तुमच्या वकिलानं कोर्टात पहिल्यांदा हाच मुद्दा मांडायला हवा.

आणि २००६ चं अमेरिकन एक्स्प्रेस बँकेचं प्रकरण कर्मचाऱ्याच्या बाजूचं आहे. श्रीमंत ग्राहकांचे पैसे सांभाळणारी एक अधिकारी दुसऱ्या बँकेत निघाली. ग्राहकांची माहिती आमची आहे, तिनं त्यांच्याशी संपर्क करू नये, असं बँक म्हणाली. दिल्ली उच्च न्यायालयानं मनाई दिली नाही. ग्राहकांची नावं आणि फोन नंबर ही काही तिजोरीतली गुपितं नाहीत, आणि गोपनीयतेच्या नावाखाली माणसाला नोकरीत जखडून ठेवता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

एक लक्षात असू द्या. दिल्ली आणि कोलकात्याचे निकाल आपल्याकडच्या कोर्टाला बंधनकारक नाहीत. वाशीम जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली येतो. दुसऱ्या राज्याचा निकाल वकील दाखवू शकतात, न्यायाधीश तो विचारात घेऊ शकतात, एवढंच. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मात्र सगळ्यांना बांधून आहेत.

'सॉलिसिट' म्हणजे नेमकं काय?

इथंच बहुतेक प्रकरणं सुटतात किंवा फसतात. सॉलिसिट करणं म्हणजे आपणहून जाऊन मागणं, गळ घालणं. दुकानदारानं तुम्हाला फोन करून विचारलं, "भाऊ, आता कुठं आहे तुम्ही? त्या कंपनीचा रेट काय?" आणि तुम्ही रेट सांगितला, तर सुरुवात त्यानं केली. तो तुमच्याकडे आला. ग्राहक हा कुणाच्या मालकीचा नसतो, त्याला हवं तिथं जायचा हक्क आहे. आणि तुम्ही गळ घातली हे सिद्ध करायचं काम कंपनीचं आहे. "याच्या जाण्यानंतर आमचा सेल पडला" एवढ्यानं ते होत नाही. सेल पाऊस लांबल्यानंही पडतो.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला 'नवी सुरुवात' म्हणून नव्या कंपनीचं नाव टाकलं, लिंक्डइनवर अपडेट केलं, तर ती सगळ्यांसाठीची बातमी आहे. पण जुन्या कंपनीच्या ४० डीलरची ब्रॉडकास्ट लिस्ट करून "जुनी ऑर्डर कॅन्सल करा, मी दोन टक्के जास्त सूट देतो" असा मेसेज पाठवला, तर तुम्ही कंपनीला पुरावा स्वतःच्या हातानं लिहून दिलात. स्क्रीनशॉट काढणारा एक तरी दुकानदार असतोच.

जाहिरातही कधीकधी अंगाशी येते. २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात विप्रो आणि बेकमन कोल्टर यांच्यात वाद झाला. एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत असा त्या दोन कंपन्यांचा करार होता. बेकमननं पेपरात नोकरीची जाहिरात दिली, पण अनुभवाची अट अशी की ती मुख्यतः विप्रोच्या माणसांनाच बसावी. कोर्टानं याला ओढणंच मानलं. करार दोन कंपन्यांमधला असल्यानं तो कलम २७ मध्येही अडकला नाही. त्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांवर मात्र कोर्टानं हात टाकला नाही. जुन्या ऑफिसातली तुमची टीम नव्या कंपनीत आणायचा विचार असेल तर हे आठवा. "जागा निघाल्यात, वेबसाइटवर अर्ज करा" हे सांगणं आणि "चला सगळे एकदम राजीनामे टाकू" हे सांगणं यात फरक आहे.

पाटीवरचा नंबर आणि एक्सेल शीट

आपल्या सेल्स ऑफिसरकडे परत येऊ. त्याच्याकडे दोन प्रकारची माहिती आहे.

एक म्हणजे दुकानांची नावं, मालकांचे नंबर, कुणाचं दुकान कुठल्या चौकात. हे दुकानाच्या पाटीवरच रंगवलेलं असतं. हे कंपनीचं गुपित आहे असं म्हणणं अवघड. चार वर्षांत त्याला जे कळलं, माणसं कशी आहेत, कुणाशी सकाळी बोलायचं, कुणाशी बाजाराच्या दिवशी नाही, हे त्याचं कौशल्य. ते राजीनाम्यासोबत जमा करता येत नाही.

दुसरी माहिती म्हणजे कुठल्या डीलरला किती सूट, कुणाची किती उधारी थकलीय, येत्या खरिपात कोणती स्कीम येणार, नवं प्रॉडक्ट कोणत्या भावानं येणार. ही आतली माहिती. ती एक्सेल शीटमध्ये असते आणि राजीनाम्याच्या आदल्या आठवड्यात ती स्वतःच्या जीमेलवर पाठवायचा मोह अनेकांना होतो. त्या एका ईमेलमुळे सगळं पारडं फिरतं. नॉन-सॉलिसिटेशनची अट हरायच्या बेतात असलेली कंपनी गोपनीयतेच्या मुद्द्यावर जिंकू शकते.

व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगानं मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात तसा कायदा सुचवलाय. पण म्हणून कंपनी हात बांधून बसत नाही. ग्राहकांची मेहनतीनं जमवलेली यादी हे कॉपीराइट असलेलं संकलन ठरू शकतं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं १९९५ मध्ये बर्लिंग्टन होम शॉपिंगच्या प्रकरणात मानलं आणि यादी घेऊन गेलेल्या माजी कर्मचाऱ्याला ती वापरायला मनाई केली. शिवाय परवानगीशिवाय कंपनीच्या कॉम्प्युटरवरून डेटा काढला आणि त्यात अप्रामाणिक हेतू दिसला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ लागतं. त्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. अट मोडणं हा दिवाणी मामला. डेटा उचलणं फौजदारी होऊ शकतं.

पाच लाखांचं काय?

करारात रक्कम लिहिली म्हणजे ती तशीच द्यावी लागते असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं. आणि मुळात अटच कलम २७ मुळे रद्द ठरली तर भरपाई कशाची?

पण बाँडची गोष्ट वेगळी आहे, ती यात मिसळू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. तीन वर्षं नोकरी करायची, नाहीतर दोन लाख रुपये भरायचे, अशी अट होती. अधिकारी मुदतीआधी आयडीबीआय बँकेत गेले. पैसे भरले, पण निषेध नोंदवून, आणि मग कोर्टात गेले. कर्नाटक उच्च न्यायालयात जिंकले, सर्वोच्च न्यायालयात हरले. ही अट नोकरी चालू असतानाच्या काळाबद्दल आहे, पुढच्या नोकरीला रोखत नाही, आणि सरकारी बँकेला पुन्हा भरती प्रक्रिया करायला खर्च येतो, असं कोर्टानं म्हटलं. छापील करारात नोकरदाराची बाजू कमजोर असते, हेही कोर्टानं मान्य केलं, तरी या प्रकरणात रक्कम अवाजवी मानली नाही. तेव्हा 'सगळ्या अटी बोगस असतात' असं सांगणारी रील दिसली तर पुढे सरका.

खरी अडचण वेगळीच आहे

माझ्या मते या अटीचा जोर कायद्यात कमी आणि अंतरात जास्त आहे. अपॉइंटमेंट लेटरच्या शेवटी अजून एक ओळ असते: कोणताही वाद झाल्यास फक्त मुंबईच्या, किंवा दिल्लीच्या, न्यायालयात चालेल. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एचडीएफसी बँकेच्या प्रकरणात अशी ओळ वैध ठरवली. पाटणा आणि दिल्लीत नोकरी केलेल्या कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं की करारात मुंबई लिहिलंय, तर मुंबईत या. नोकरीच्या करारातही अशी अट चालते, बँकेसारखी मोठी संस्था आणि एकटा कर्मचारी ही विषमता असली तरी.

वाशीमच्या पोरासाठी याचा अर्थ काय? रात्रभराचा प्रवास, मुंबईचा वकील, प्रत्येक तारखेला बुडणारी ड्युटी. अट कोर्टात टिकणार नाही हे वकील सांगतो, पण ते सिद्ध करायला लागणारा खर्च त्याच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा. नवीन कंपनीचा एचआर नोटीस बघून म्हणतो, "तुमचं तुम्ही मिटवा." पोरगा घाबरून माफीनामा लिहून देतो किंवा एरिया बदलून घेतो. खटला दाखलच होत नाही. अट अशी 'टिकते'.

म्हणून नोटीस आली तर आधी हे समजून घ्या की वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही. तिच्यामुळे तुमचं काम थांबत नाही. पण ती ड्रॉवरमध्ये टाकून विसरूही नका. वकिलाकडून लेखी उत्तर द्या: मी कुणाला गळ घातलेली नाही, कंपनीचा डेटा माझ्याकडे नाही, लॅपटॉप आणि सिम अमुक तारखेला परत केलं, ही पोचपावती. उत्तरात "मी फक्त दोन-तीन डीलरनाच फोन केला" असलं प्रामाणिक वाक्य स्वतः लिहून पाठवू नका.

कंपनी थेट कोर्टात जाऊन तुमच्या अपरोक्ष मनाई हुकूम घेईल अशी भीती असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करता येतं. म्हणजे मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असं कोर्टाला आधीच सांगून ठेवणं. ते ९० दिवस चालतं. मात्र ते करारात लिहिलेल्या शहरातल्या कोर्टात टाकायला हवं, वाशीमला टाकून उपयोग नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर वाशीमला जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळू शकतो. महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. हेल्पलाइन १५१०० आहे.

अजून एक प्रकार चालतो. "आधी माफीनामा दे, मग फुल अँड फायनल करू." हे चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं देणं असलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. नॉन-सॉलिसिटेशनचा वाद असेल तर तो वेगळा चालवा, पगार अडवून नाही.

आणि अजून सही झाली नसेल, ऑफर लेटर आत्ताच मेलवर आलं असेल, तर एचआरला तीन गोष्टी विचारता येतात. २४ महिन्यांऐवजी सहा महिने होतील का? 'कंपनीचे सर्व ग्राहक' ऐवजी 'शेवटच्या वर्षात मी स्वतः हाताळलेले ग्राहक' असं लिहाल का? आणि वादाचं ठिकाण मुंबईऐवजी नोकरीचा जिल्हा करता येईल का? पहिल्या दोन गोष्टींना कधीकधी हो मिळतं. तिसरीला बहुतेकदा 'कंपनी पॉलिसी आहे' असं उत्तर येतं.